डिस्नीलँडखालचा समुद्र

शाळांचे निकाल महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे लागतात आणि रत्नागिरी शहराला खेटून असलेल्या मिरजोळ्यासारख्या गावांत दोन उलट प्रवाह सुरू होतात. मुंबईचे चाकरमानी आंब्याफणसाच्या ओढीने गावाकडे येतात, तर इकडची काही घरे मुलांची सुट्टी घेऊन परदेशी निघतात. सिंगापूर आणि दुबई आता जुनी झाली. सहल-कंपन्यांच्या जाहिरातींत अलीकडे जपान ठळक दिसू लागला आहे. मोठ्यांच्या मनात जपान म्हणजे फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन. मुलांच्या लेखी मात्र जपानचा अर्थ एकच, टोकियो डिस्नीलँड.

गंमत अशी की टोकियो डिस्नीलँड टोकियोत नाही. ते शेजारच्या चिबा प्रांतातील उरायासू या गावी आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी तिथे जमीनच नव्हती. आज जिथे परीकथेतला किल्ला उभा आहे आणि पालक मुलांना खांद्यावर घेऊन मिरवणुकीची वाट पाहतात, तिथे उथळ समुद्र होता. त्या समुद्राला मालक नव्हता, पण हक्कदार होते. हा धागा त्या समुद्राचा आणि त्या हक्कदारांचा.

उरायासू हे टोकियोच्या उपसागराच्या टोकाला, एदो नदीच्या मुखाशी वसलेले कोळ्यांचे गाव. १८८९ साली ते अधिकृत खेडे झाले, १९०९ साली त्याला नगराचा दर्जा मिळाला, तरी व्यवसाय एकच राहिला. नदीने आणलेल्या गाळामुळे समोरचा समुद्र मैलोन्‌मैल उथळ होता. ओहोटीला तळ उघडा पडे. थंडीत बांबू आणि जाळी रोवून 'नोरी' नावाचे समुद्रशैवाल पिकवायचे, ते कागदासारखे पातळ करून उन्हात वाळवायचे, आणि थंडी सरली की चिखलातून शिंपल्या उपसायच्या, असे तिथले वर्ष. एका माणसाने वल्हवायच्या अरुंद, सपाट तळाच्या होडीला तिथे 'बेका' म्हणत. शिंपल्या सोलणे हे घरातल्या बायकांचे काम. तो माल पाठीवर बांधून टोकियोच्या गल्ल्यांत विकायलाही अनेकदा त्याच जात. मिरकरवाड्याच्या किंवा काळबादेवीच्या वाचकाला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही.

जपानी साहित्यात हे गाव अमर झाले ते शुगोरो यामामोतो यांच्या 'आओबेका मोनोगातारी'मुळे. तरुणपणी ते उरायासूत राहिले होते. पुस्तकात त्यांनी गावाचे नाव बदलून 'उराकासू' केले आणि लोकांचे दारिद्र्य, लबाडी, प्रेमप्रकरणे असे सारे त्यात घातले. १९६० च्या सुमारास ते प्रसिद्ध झाले, म्हणजे ज्या वर्षी त्या समुद्राच्या भरावाचा विचार कागदावर आला, जवळजवळ त्याच वर्षी. लेखकाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता सुट्टीकडे येऊ. डिस्नीलँडने उरायासूच्या किनाऱ्यावर सुट्टी आणली, अशी समजूत सहज होते. वस्तुस्थिती उलटी आहे. टोकियोच्या उपसागराचा हा काठ फार आधीपासून मुलांच्या सुट्टीचीच जागा होता. वसंतात, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला शहरातली कुटुंबे पायघोळ वस्त्रे खोचून चिखलात उतरत आणि छोट्या पंजांनी शिंपल्या शोधत. या खेळाला जपानीत 'शिओहिगारी' म्हणतात, अर्थ साधारण 'ओहोटीची शिकार'. एदोकाळातल्या रंगीत ठशांच्या चित्रांतही हे दृश्य आढळते. ओहोटीला खुबे-तिसऱ्या वेचणे कोकणातही मुलांचे सुट्टीतले काम असते. फरक एवढाच की जपानी शहरवासीयांनी त्याची सहल केली आणि आपल्याकडे ते घरकामातच मोडत राहिले.

या सहलीला धंद्याचे रूप दिले रेल्वे कंपन्यांनी. जपानमधील खासगी रेल्वेचा इतिहास वाचताना एक युक्ती पुन्हापुन्हा दिसते. आठवड्याचे सहा दिवस गाड्या नोकरदारांनी भरतात, पण सुट्टीच्या दिवशी त्या रिकाम्या धावतात. मग मार्गाच्या शेवटी असे काहीतरी उभारायचे की कुटुंबे स्वतःहून तिकीट काढतील. ओसाकाजवळ इचिझो कोबायाशी यांनी ताकाराझुका येथे उष्णोदकाची स्नानगृहे आणि पुढे मुलींचे नाट्यपथक काढले, ते याच हिशेबाने. टोकियोच्या पूर्वेला केइसेई रेल्वेने १९२५ साली यात्सु येथे समुद्राकाठी 'यात्सु युएन' ही बाग आणि क्रीडांगण थाटले. पाळणे, प्राणी, गुलाबांची वाटिका आणि समोर ओहोटीचा किनारा. मुलांनी सकाळी शिंपल्या वेचाव्या आणि दुपारी पाळण्यात बसावे.

डिस्नीलँडचा जपानी जन्म या गुलाबांतून झाला. यात्सु युएनच्या वाटिकेसाठी गुलाबाची रोपे निवडायला केइसेई रेल्वेचे अध्यक्ष चिहारु कावासाकी १९५८ च्या जानेवारीत अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे वॉल्ट डिस्नी यांनी १७ जुलै १९५५ रोजी उघडलेली नगरी त्यांनी पाहिली आणि ते भारावून परतले. अनाहाइमची ती जागाही मुळात संत्र्यांची बाग होती, हे हापूसच्या प्रदेशातील वाचकांनी जाता जाता नोंदवून ठेवावे.

त्याच वर्षी उरायासूत वेगळेच काही घडत होते.

एदो नदीच्या काठी होन्शु पेपर या कंपनीचा कागद कारखाना होता. १९५८ च्या वसंतात तिथे लगदा तयार करण्याची नवी यंत्रणा सुरू झाली आणि नदीत काळे सांडपाणी येऊ लागले. शिंपल्या आणि मासे मरून पडले. कोळ्यांनी कारखान्याकडे, प्रांताकडे, राजधानीकडे अर्ज केले. आश्वासने मिळाली, पाणी काळेच राहिले. १० जून १९५८ रोजी उरायासूचे शेकडो कोळी टोकियोत संसदेवर दाद मागायला गेले आणि परतताना कारखान्यावर धडकले. फाटक बंद होते. त्या रात्री पोलिसांशी झालेल्या झटापटीत शंभराहून अधिक लोक जखमी झाले, काहींना अटकही झाली. जपानच्या इतिहासात हे प्रकरण 'काळ्या पाण्याची घटना' म्हणून ओळखले जाते. मराठी माणसाला 'काळे पाणी' म्हटले की अंदमान आठवते. उरायासूच्या म्हाताऱ्यांना नदी आठवते.

या संघर्षाचे फळ लवकर मिळाले. डिसेंबर १९५८ मध्ये जपानी संसदेने पाण्याच्या गुणवत्तेचे रक्षण आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचे नियमन यांसाठी दोन कायदे केले. देशातील जलप्रदूषणाविरुद्धचे हे पहिले राष्ट्रीय कायदे. मिनामाताच्या पाऱ्याचे भयंकर प्रकरण जगाला पुढे माहीत झाले, पण कायद्याचे दार आधी ठोठावले ते उरायासूच्या बेका वल्हवणाऱ्यांनी. एका लहान गावाने देशाला कायदा दिला, हे यश थोडे नव्हे. परंतु कायदे दुबळे होते, आणि उपसागराभोवती पोलादाचे, तेलाचे, विजेचे कारखाने वेगाने उभे राहत होते. पाणी आपले राहिलेले नाही, ही जाणीव त्या रात्रीनंतर गावात मुरत गेली. हक्क सोडण्याचा निर्णय समजून घ्यायचा तर इथून सुरुवात करावी लागते. कोळ्यांनी पैशाच्या मोहाने समुद्र विकला, हे सुटसुटीत विधान अपुरे आहे. त्यांच्यापुढे निवड निर्मळ समुद्र की पैसा अशी नव्हतीच. मरत चाललेल्या समुद्राचे निदान मोल तरी पदरात पडते का, एवढाच प्रश्न उरला होता.

११ जुलै १९६० रोजी केइसेई रेल्वे, मित्सुई फुदोसान आणि आणखी एक भूविकास कंपनी यांनी मिळून 'ओरिएंटल लँड' स्थापन केली. उद्देश होता उरायासूसमोरचा समुद्र भरून त्यावर घरे, व्यापार आणि मोठे मनोरंजन केंद्र उभारणे. अडसर होता मासेमारीच्या हक्कांचा. जपानी कायद्यात किनाऱ्याजवळच्या पाण्यावर स्थानिक मच्छीमार सहकारी संघाचा सामूहिक हक्क असतो. तो संघाने स्वतः सोडल्याखेरीज भराव घालता येत नाही. कोकणातल्या वाचकाने या तरतुदीपाशी क्षणभर थांबावे. रापण ओढणाऱ्यांचा किनाऱ्यावरचा वहिवाटीचा हक्क आपल्याकडे रूढीत असतो, पण कागदावर त्याला तेवढे बळ नसते. उरायासूच्या कोळ्यांना बोलणी करता आली, कारण त्यांच्या हाती हा कागद होता.

बोलणी करण्यासाठी कंपनीने माणूस निवडला मासातोमो ताकाहाशी. त्यांची ख्याती अशी की ते कितीही प्यायले तरी त्यांचा तोल जात नसे. कोळ्यांच्या पुढाऱ्यांबरोबर रात्ररात्र साके पीत त्यांनी विश्वास कमावला, अशी हकिकत कंपनीच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. कंपनीचे इतिहास अशा कथा जपतात, कारण त्यांत व्यवहाराला स्नेहाचा गंध येतो. तो स्नेह खोटा होता असे नाही. पण मेजाच्या एका बाजूला भांडवल, प्रांताचे सरकार आणि वाढते महानगर होते, दुसऱ्या बाजूला काळे पाणी पाहिलेली माणसे होती, हेही विसरू नये. १९६२ साली संघाने हक्कांचा काही भाग सोडला. १९६४ मध्ये भराव सुरू झाला. १९६९ साली टोकियोची भुयारी रेल्वे गावापर्यंत पोहोचली आणि १९७१ साली उरलेले सर्व हक्कही सोडण्यात आले. घरोघरच्या बेका काठावर ओढून ठेवल्या गेल्या. शेकडो वर्षांची मासेमारी अशी दशकभरात आटोपली.

भराव पूर्ण झाला तेव्हा उरायासूचा नकाशा ओळखू येईना. मूळ गाव ४.४३ चौरस किलोमीटरचे. आज शहराचे क्षेत्रफळ सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे शहराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग समुद्रातून उचललेला आहे.

पण जमीन झाली म्हणून डिस्नी आली असे नाही. कावासाकींनी पहिल्यांदा विचारणा केली तेव्हा अमेरिकेकडून उत्साह दिसला नाही. १९७४ च्या डिसेंबरात डिस्नीचे अधिकारी जागा पाहायला आले, तेव्हा मित्सुबिशी समूहाचा फुजी पर्वताच्या पायथ्याचा प्रस्तावही स्पर्धेत होता. फुजीचे वैभव मोठे, पण उरायासूच्या बाजूने एक रोकडा युक्तिवाद होता. टोकियोच्या कोट्यवधी लोकांना इथे सकाळी निघून रात्री घरी परतता येत होते. ३० एप्रिल १९७९ रोजी करार झाला. डिस्नीने स्वतःचे भांडवल न गुंतवता नाव आणि आराखडे दिले. त्याबदल्यात प्रवेशशुल्काचे सुमारे दहा टक्के आणि खाद्यपदार्थ व वस्तूंच्या विक्रीचे सुमारे पाच टक्के स्वामित्वशुल्क ठरले. सुमारे १८० अब्ज येनांचा खर्च आणि जोखीम ओरिएंटल लँडची. आजही तिथला किल्ला, नौका, पाळणे हे सारे जपानी कंपनीच्या मालकीचे आहे.

१५ एप्रिल १९८३ रोजी पावसात उद्घाटन झाले. अनाहाइममध्ये प्रवेशद्वाराचा बाजाररस्ता उघड्या आकाशाखाली आहे. टोकियोचे पाऊसपाणी ओळखून इथे त्यावर पारदर्शक छप्पर घातलेले होते, आणि ते पहिल्याच दिवशी कामी आले. एका प्रौढ माणसाला दिवसभराच्या तिकिटासाठी ३,९०० येन पडत. पहिल्या वर्षात जवळजवळ एक कोटी लोक आले. एक तपशील मराठी घरांना रुचेल. बाहेरचे खाणे आत न्यायला मनाई असल्याने, डबा आणणाऱ्या कुटुंबांसाठी फाटकाबाहेर बसून जेवायची वेगळी जागा ठेवलेली आहे. सुट्टीची सहल म्हणजे घरचा डबा, ही जपानी आईची धारणा डिस्नीलाही पुसता आली नाही.

आणि यात्सु युएन? ज्या बागेच्या गुलाबांनी हे सारे सुरू झाले, ती २१ डिसेंबर १९८२ रोजी कायमची बंद झाली. डिस्नीलँड उघडायला तेव्हा चार महिनेही उरले नव्हते. गुलाबवाटिका तेवढी पुढे वाचवली गेली. तिच्या शेजारचा ओहोटीचा चिखल चहूबाजूंनी भराव पडूनही कसाबसा शिल्लक राहिला आणि १९९३ मध्ये पाणपक्ष्यांसाठी रामसर स्थळ म्हणून मान्य झाला. माणसांच्या सुट्टीची जागा गेली, पक्ष्यांच्या विसाव्याची राहिली.

मिरजोळ्याहून निघालेले कुटुंब बहुधा ज्या विमानतळावर उतरते त्या नारिताची कथाही याच चिबा प्रांतातली आहे. १९६० च्या दशकात टोकियोसाठी नवा विमानतळ कुठे करायचा याचा शोध चालू होता, तेव्हा विचारात घेतलेल्या जागांत उरायासूसमोरचा समुद्रही होता. १९६६ साली सरकारने सानरिझुका परिसरातील शेतजमिनीवर बोट ठेवले, तेही शेतकऱ्यांशी पुरेशी चर्चा न करता. पुढचे दशक मोर्चे, मनोरे, अश्रुधूर आणि मृत्यू यांत गेले. मे १९७८ मध्ये विमानतळ सुरू झाला तो कडेकोट पोलीस बंदोबस्तात. जमीन न विकणाऱ्या काही शेतकऱ्यांची भाजीची शेते नंतरही धावपट्टीच्या मार्गांमध्ये तग धरून राहिली. मिरजोळ्याच्या शेजारीही धावपट्टी आहे, त्यामुळे विमानतळासाठी जमीन जाणे म्हणजे काय, हे तिथे निराळे सांगायला नको.

मेच्या पहिल्या आठवड्यात जाणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक इतिहास. २९ एप्रिल ते ५ मे या काळात जपानात एकामागून एक राष्ट्रीय सुट्ट्या येतात. १९४८ च्या सुट्ट्यांच्या कायद्यातून घडत गेलेल्या या सप्ताहाला 'गोल्डन वीक' म्हणतात, आणि त्याची सांगता ५ मेच्या बालदिनाने होते. घरांवर कापडी मासे फडकतात आणि निम्मा देश मुलांना घेऊन बाहेर पडतो. आपली निकालानंतरची सुट्टी नेमकी त्याच गर्दीत जाऊन पडते. चेरीचा बहर पाहायचा तर मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी जावे, पण तेव्हा इथे परीक्षा असते. दोन देशांच्या शालेय दिनदर्शिका एकमेकींशी सहकार्य करत नाहीत.

शाळेच्या सहलीचाही तिथे जुना वारसा आहे. फेब्रुवारी १८८६ मध्ये टोकियोच्या नॉर्मल स्कूलचे विद्यार्थी चिबा प्रांतातून थेट चोशीच्या समुद्रापर्यंत पायी गेले. लष्करी कवायत आणि भूगोल-निसर्गाचा अभ्यास असा तो संमिश्र कार्यक्रम होता. जपानमधील शैक्षणिक सहलीचा आरंभ बहुधा तिथून मोजतात. त्याच प्रांतात शंभर वर्षांनी गणवेशातील मुले बसने डिस्नीलँडला येऊ लागली.

आपल्याकडे हा प्रकार उशिरा आला. १९८४ साली दिल्लीत 'अप्पू घर' सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईत केसरी पाटील यांनी सहल-कंपनी काढली आणि मराठी कुटुंबाने समूहाने, ओळखीच्या जेवणासह परदेश पाहण्याची वाट हळूहळू रुळली. १९८९ मध्ये गोराईला 'एस्सेलवर्ल्ड' उघडले. मुंबईच्या एका पिढीसाठी सुट्टी म्हणजे बोरिवलीहून खाडी ओलांडणारी ती लाँच. गोराई, मनोरी, उत्तन हा सारा पट्टा कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा. भातशेती, मीठ आणि मासळी यांवर जगणारा. लाँचमधून उतरून सरळ फाटकाकडे धावणाऱ्या मुलांना वाटेत सुकत घातलेले बोंबील दिसत, वासही येई. पुढे या बेटावर पर्यटनाचे मोठे प्रकल्प आखले गेले तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनी ठाम विरोध केला. उरायासूची कथा त्यांना ठाऊक असायची गरज नव्हती. त्यांच्यासमोर स्वतःचा किनारा होता.

आता पुन्हा रत्नागिरी, कारण उरायासूच्या समुद्राचा एक धागा खरोखरच मिरजोळ्यापर्यंत येतो.

जपानी लोकांना माशाच्या गराच्या वड्या फार प्रिय. वाफवलेली 'कामाबोको', पोकळ नळीसारखी 'चिकुवा', रामेनच्या वाडग्यात तरंगणारी गुलाबी चक्राची चकती, हे त्यांचे रोजचे खाणे. पूर्वी हा गर ताज्या मासळीचाच करावा लागे, म्हणून कारखाने बंदरापाशीच असत. १९६० साली होक्काइदोच्या मत्स्य संशोधन केंद्रात क्योसुके निशिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी क्लृप्ती शोधली. गर थंड पाण्यात धुऊन त्यात साखर मिसळली, तर गोठवल्यावरही त्यातील प्रथिने बिघडत नाहीत आणि वडीचा लवचिकपणा टिकतो. या गोठवलेल्या गराला 'सुरिमी' म्हणतात. ओरिएंटल लँड स्थापन झाली तेही साल १९६०. घराजवळचा समुद्र बुजवण्याची आणि दूरच्या समुद्रातला मासा घरी आणण्याची सोय एकाच वर्षी झाली. यात योजना कोणाची नव्हती, पण परिणाम एकमेकांना पूरक ठरले.

१९९० च्या दशकात सुरिमी भारतात बनू लागली आणि त्यात मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील गद्रे मरीन एक्स्पोर्ट या कंपनीचे नाव अग्रभागी होते. राणी मासा, ढोमा यांसारखी मासळी, जिला पूर्वी बाजारात फारसा मान नव्हता, तिचे डोके-काटे काढून, गर धुऊन, दहा-दहा किलोच्या लाद्या गोठवायच्या आणि जहाजाने धाडायच्या. जपान हे तिचे एक गिऱ्हाईक. टोकियोच्या हॉटेलात वाढलेल्या खेकड्याच्या नावाच्या लाल-पांढऱ्या कांडीत बहुतेक वेळा खेकडा नसतोच, असते सुरिमी. ती रत्नागिरीचीच असेल असे छातीठोक म्हणता येणार नाही, पण असू शकते. सुट्टीत मुलाला जपानी जेवण खाऊ घालणाऱ्या आईबापांनी आपल्याच बंदरातला मासा हजारो किलोमीटरांवर जाऊन विकत घेतलेला असणे अगदी शक्य आहे.

या औद्योगिक पट्ट्याच्या इतिहासात उरायासूची आठवण करून देणारे आणखी एक पान आहे. १९९२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने रत्नागिरीत स्टरलाइट कंपनीच्या तांब्याच्या प्रकल्पाला सुमारे ५०० हेक्टर जमीन दिली. सल्फर डायऑक्साइड आणि सांडपाणी यांनी आंबा व मासळी दोन्ही जातील, या भीतीने १९९३ मध्ये बागायतदार, मच्छीमार आणि शहरातले नागरिक रस्त्यावर आले. त्याच वर्षीच्या जुलैत जिल्हाधिकाऱ्यांनी काम स्थगित करायला सांगितले आणि प्रकल्प पुढे तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला. उरायासूचा उठाव आणि रत्नागिरीचा उठाव यांत पस्तीस वर्षांचे अंतर आहे, आणि एक निर्णायक फरक. तिथे कारखाना आधीच चालू झालेला होता, पाणी आधीच काळे झाले होते. इथे लोक धुराडे पेटण्यापूर्वी उठले. नाणार आणि बारसू येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे वाद पाहिले की त्या 'आधी'चे मोल कळते. अर्थात जे प्रकल्प येत नाहीत त्यांच्याबरोबर नोकऱ्याही येत नाहीत, आणि त्या न आलेल्या नोकऱ्यांचा हिशेब मुंबईला गेलेली मुले देतात. चाकरमानी हा शब्द काही आनंदातून जन्मलेला नाही.

उरायासूच्या जमिनीने आपले मूळ बोलून दाखवले. ११ मार्च २०११ च्या भूकंपात भरावाची ओली वाळू पाण्यासारखी वाहू लागली. घरे कलली, रस्त्यांतून चिखल उसळला, मैलावाहिन्या तुटल्या आणि आठवड्यांनी आठवडे लोकांचे हाल झाले. डिस्नीच्या जागेखाली बांधकामापूर्वीच वाळू ठोकून दाबलेली असल्याने आतील वास्तू वाचल्या, पण वाहनतळावर गाळ आला. त्या दुपारी दोन्ही उद्यानांत मिळून सुमारे सत्तर हजार लोक होते. कर्मचाऱ्यांनी दुकानांतली मऊ खेळणी डोक्यावर धरायला वाटली, आणि हजारो पाहुण्यांनी ती थंड रात्र तिथेच काढली. १५ एप्रिलला, उद्घाटनाच्या वाढदिवशीच, डिस्नीलँड पुन्हा उघडले. जुने गाव, म्हणजे कोळ्यांची मूळ वस्ती, मात्र फारसे खचले नाही. ते नैसर्गिक जमिनीवर होते.

त्या जुन्या गावात आता नगराचे लोकजीवन संग्रहालय आहे. तिथे बेका होड्या ठेवलेल्या आहेत, जुन्या पद्धतीची घरे आहेत आणि शाळेची मुले शिंपल्यांचे काम पाहायला येतात. डिस्नीलँडहून बसने फार वेळ लागत नाही, पण सहलींच्या कार्यक्रमात हे नाव क्वचितच असते. हक्क सोडलेल्या कोळ्यांपैकी काहींनी गळ टाकण्याच्या हौशी लोकांसाठी होड्या चालवल्या, काहींनी दुकाने काढली. समुद्र गेल्यावरही गावाचा मासळीबाजार टिकला होता. माल इतर बंदरांतून येई. ३१ मार्च २०१९ रोजी तोही बंद झाला.

काही किलोमीटरांवर सानबान्झे नावाचा उथळ समुद्राचा एक तुकडा अजून आहे. तिथेही ७४० हेक्टर भरावाची योजना होती. ती आधी आक्रसली, आणि २००१ साली चिबाच्या नव्या राज्यपाल आकिको दोमोतो यांनी ती रद्दच केली. फुनाबाशीचे कोळी तिथे अजून नोरी पिकवतात, जाळी टाकतात. एप्रिल-मेमध्ये ओहोटीच्या वेळा जाहीर होतात आणि कुटुंबे प्लास्टिकच्या बादल्या घेऊन शिंपल्या वेचायला उतरतात. उपसागरातल्या शिंपल्या आता पुरत नाहीत, म्हणून अशा किनाऱ्यांवर त्या अनेकदा दुसरीकडून आणून आधी वाळूत पुरून ठेवाव्या लागतात. मुलांना त्याचा पत्ता नसतो. त्या किनाऱ्यावरही आता पैसे भरून जावे लागते, आणि किती किलो वेचल्या तेवढ्याचे मोल वेगळे.